साडेसतरा डॉलर

नाताळच्या दिवसांत घरातल्या सगळ्यांनी मिळून बघायच्या चित्रपटांत ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चं नाव आजही वर असतं. गोष्ट विचारली की लोक एका दमात सांगतात: जीव द्यायला निघालेल्या माणसाला देवदूत भेटतो आणि तू जन्मालाच आला नसतास तर काय झालं असतं ते दाखवतो. बरोबर आहे. पण चित्रपट १३० मिनिटांचा आहे आणि पुलावरून उडी पडेपर्यंत त्याचा पाऊण भाग होऊन गेलेला असतो. त्या पाऊण भागात देवदूत जवळपास नाहीच. तिथे हप्ते आहेत, कर्जाचे अर्ज आहेत, तारण, विम्याची पॉलिसी, बँकेची स्लिप आहे. पाइपच्या एका तुकड्यामागे तीन सेंट वाचवण्यात आयुष्य घालवायचं का, यावर बापलेकाचं रात्रीच्या जेवणावर झालेलं बोलणंही आहे. चांगुलपणाची गोष्ट सांगताना पैशाचा इतका चोख हिशेब ठेवणारा चित्रपट विरळाच. शिकण्यासारखं जे आहे ते बरंचसं या हिशेबात दडलंय, आणि डोळे पुसण्याच्या नादात नेमकं तेच निसटतं.

सगळ्यात आधी बघायचा तो गर्दीचा प्रसंग. साल १९३२. जॉर्ज बेली आणि मेरीचं नुकतंच लग्न लागलंय, पाऊस पडतोय, दोघं टॅक्सीतून स्टेशनकडे निघालेत. मधुचंद्रासाठी जमवलेले २,००० डॉलर सोबत आहेत: एक आठवडा न्यूयॉर्क, एक आठवडा बर्म्युडा. वाटेत बँकेसमोर झुंबड दिसते. मेरी म्हणते, थांबू नकोस. जॉर्ज थांबतो.

तो जी संस्था चालवतो ती ‘बेली ब्रदर्स बिल्डिंग अँड लोन’. आपल्या भाषेत सांगायचं तर सभासदांची पतसंस्था. सभासद थोडे थोडे डॉलर भरतात, साठलेल्या रकमेतून एकेकाला घर बांधायला कर्ज मिळतं आणि तो ते वर्षानुवर्षं महिन्याच्या हप्त्यांनी फेडतो. म्हणजे पैसा आत येतो तो चिल्लर, बाहेर जातो तो एकगठ्ठा, आणि परत येतो तो पुन्हा चिल्लर. अशा संस्थेत सगळ्यांनी एकाच दिवशी ‘माझे द्या’ म्हटलं तर अगदी प्रामाणिक संस्थासुद्धा कोसळते. इथे घोटाळा कुणीच केलेला नाही, हे लक्षात घ्यायला हवं. तासाभरापूर्वी बँकेने संस्थेचं कर्ज अचानक परत मागितलंय, संस्थेतच काम करणाऱ्या जॉर्जच्या बिलीकाकांनी तिजोरीत होतं नव्हतं ते बँकेला देऊन टाकलंय, आणि आता तिजोरी रिकामी आहे. ठेवींना सरकारी विमा देणारा कायदा अमेरिकेत आला तो १९३३ मध्ये; बिल्डिंग अँड लोनसारख्या संस्थांच्या ठेवींना तो मिळाला १९३४ मध्ये. १९३२ मध्ये रांगेत उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीशी काहीच नव्हतं. त्याची भीती अनाठायी नव्हती.

त्यात गावचा धनाढ्य पॉटर फोन करून बजावतो, संध्याकाळी सहाच्या आत दार बंद केलंस तर ते पुन्हा उघडणार नाही. शिवाय तो सभासदांचे शेअर विकत घ्यायला तयार आहे, डॉलरमागे पन्नास सेंट देऊन.

आता जॉर्ज काय करतो ते क्रमाने बघावं, कारण क्रमातच शहाणपण आहे. आधी तो पैसा कुठे आहे ते दाखवतो. तुमचा पैसा इथल्या तिजोरीत नाही, तो शेजारच्या जोच्या घरात आहे, केनेडीच्या घरात आहे, अशा शंभर घरांत आहे. अर्थशास्त्राच्या तासाला याहून सोपं कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. लोकांना पटतंही, पण पटून पोट भरत नाही. मग तो नियम सांगतो: पैसे काढायचे तर अर्ज करा, साठ दिवसांत मिळतील. नियम खरा आहे आणि सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या आहेत. पण ज्याला उद्याच्या भाकरीची भ्रांत आहे त्याला साठ दिवस म्हणजे नकारच. तुमचा पैसा इथल्या तिजोरीत नाही, तो शेजारच्या जोच्या घरात आहे, केनेडीच्या घरात आहे, अशा शंभर घरांत आहे. अर्थशास्त्राच्या तासाला याहून सोपं कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. लोकांना पटतंही, पण पटून पोट भरत नाही. तिसरी गोष्ट तो पॉटरबद्दल सांगतो: तो विकत नाहीये, घेतोय; आपण घाबरलोय आणि तो घाबरलेला नाही, म्हणून. हेही शंभर टक्के खरं. तरी माणसं दाराकडे सरकायला लागतातच.

इतकी तीन उत्तम भाषणं वाया गेल्यावर मेरी, लग्नाच्या कपड्यांतली मेरी, नोटांची चळत हातात उंच धरते आणि विचारते, ‘किती हवेत?’

सगळा प्रसंग या दोन शब्दांवर उलटतो. तोवर प्रत्येक जण ‘माझे किती आहेत’ हे बोलत होता. पहिला टॉम. त्याचे २४२ डॉलर आहेत आणि त्याला २४२च हवेत. जॉर्ज विनवतो की बँक उघडेपर्यंत भागेल एवढेच घे. टॉम ऐकत नाही. जॉर्ज वाद घालत नाही, २४२ मोजून देतो. इथे जरा पाटी-पेन्सिल घ्यावी. दोन हजारांत असे टॉम मावतात आठ, आणि नवव्याच्या हातावर पडतात ६४ डॉलर. पुढचा एड. त्याचे ३०० आहेत. जॉर्ज विचारतो, बँक उघडेपर्यंत काय लागेल? एड जरा थबकतो, म्हणतो, वीस. असे वीसवाले दोन हजारांत शंभर मावतात. पैसे तेवढेच, माणसंही तीच, फक्त प्रश्न बदलला.

मग येते मिसेस डेव्हिस. हळूच विचारते, साडेसतरा डॉलर मिळतील का? जॉर्ज काउंटरवरून वाकून तिचा मुका घेतो.

हा साडेसतराचा आकडा वीसपेक्षा मोठा आहे. वीस ही सोयीची रक्कम झाली. पुढचा मागतो म्हणून आपणही मागायची. साडेसतरा मागायला मात्र रांगेत उभं राहून मनात घरभाडं, वाणसामान, कोळसा अशी बेरीज करावी लागते, आणि मग मिळू शकणाऱ्या विसातले अडीच मागच्या माणसासाठी सोडावे लागतात. घाबरलेल्या माणसाला अपूर्णांक सुचत नाहीत. ज्या क्षणी तिच्या तोंडून पन्नास सेंट येतात त्या क्षणी त्या खोलीतली भीती ओसरलेली असते.

सहाच्या ठोक्याला दोन डॉलर उरतात. त्या दोन नोटांना नवरा-बायको ठरवून तिजोरीत ठेवतात, त्यांची पिल्लावळ होवो म्हणून. न्यूयॉर्क गेलं, बर्म्युडा गेलं. आणि इथे चित्रपट प्रामाणिक राहतो: जॉर्जला ते परत कधीच मिळत नाही. तरुणपणी भेट मिळालेली त्याची ती भली मोठी बॅग शेवटपर्यंत परदेश बघत नाही. ‘चांगलं वागा, स्वप्नं पूर्ण होतील’ असं ज्यांना मुलांना शिकवायचं असेल त्यांनी दुसरा चित्रपट निवडावा. इथे स्वप्नाची किंमत पूर्ण वसूल होते आणि परतावा दुसऱ्याच खात्यात जमा होतो.

त्या खात्याची सुरुवात बघायला १९१९ मध्ये जावं लागतं. जॉर्ज बारा वर्षांचा. बर्फ फुटून पाण्यात पडलेल्या धाकट्या हॅरीला वाचवताना त्याच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती गेली आहे. शाळा सुटल्यावर तो गॉवर नावाच्या औषधविक्याच्या दुकानात काम करतो. एक दिवस गल्ल्यापाशी तार दिसते: गॉवरचा मुलगा इन्फ्लुएन्झाने गेला. गॉवर आत दारू पिऊन, सुन्न होऊन कॅप्सूल भरतोय, आणि ज्या बरणीतून भरतोय तिच्यावर विषाचं लेबल आहे. औषध घटसर्प झालेल्या एका पोरासाठी आहे.

या मुलाच्या हालचाली अभ्यासण्यासारख्या आहेत. तो ओरडून चूक दाखवत नाही; समोरचा माणूस ऐकण्याच्या अवस्थेत नाही हे त्याला कळतं. तो डबी घेऊन निघतो, पण पोचवत नाही. सल्ला विचारायला वडिलांकडे जातो. तिथे पॉटरशी खडाजंगी चाललेली. वडिलांना वेळ नाही. म्हणजे विचारायलाही कुणी उरलं नाही. मग तो त्यातल्या त्यात मागे फिरता येईल अशी गोष्ट करतो: डबी तशीच परत आणतो. औषध तासभर उशिरा गेलं तर बोलणी खावी लागतील, चुकीचं गेलं तर भरून काढता येणार नाही. काय करावं ते कळत नसताना, नंतर दुरुस्त करता येईल तीच चूक पत्करावी, हे बारा वर्षांच्या मुलाला कुणी शिकवलेलं नाही. परतल्यावर गॉवर त्याच्या त्याच दुखऱ्या कानावर मारतो, रक्त येतं, आणि रडत रडत मुलगा सांगतो की तुमची चूक नाही, तुम्हाला तार आली म्हणून असं झालं. गॉवर कॅप्सूल फोडून जिभेला लावून बघतो आणि गुडघ्यावर कोसळतो. मुलगा वचन देतो की मी कुणाला सांगणार नाही. आणि खरंच सांगत नाही.

चित्रपटात अशा दोन तारा आहेत. दुसरी येते २६ वर्षांनी, अगदी शेवटी, लंडनहून. जॉर्जचा श्रीमंत मित्र सॅम वेनराइट कळवतो की माझ्या ऑफिसला सांगितलंय, २५,००० डॉलरपर्यंत लागतील तेवढे उचल. तारेची सुरुवात नीट ऐकली पाहिजे: मिस्टर गॉवर यांनी कळवलं की तुला पैशांची गरज आहे. सॅम युरोपात होता, जॉर्जला तो सापडला नव्हता. शोधून काढलं त्या म्हाताऱ्या औषधविक्याने. पटकथेने ही गाठ मारून ठेवली आहे आणि तिच्याकडे बोटसुद्धा दाखवलेलं नाही.

चांगुलपणा म्हणजे भोळेपणा, हा समज या चित्रपटामुळे पसरतो असा आक्षेप अधूनमधून ऐकू येतो. आक्षेप घेणाऱ्यांनी संचालक मंडळाची बैठक पुन्हा बघावी. वडील गेलेत, पॉटरला संस्था मोडीत काढायची आहे. तो टॅक्सीवाल्या एर्नीचं उदाहरण काढतो: बँकेने कर्ज नाकारलेला माणूस, आणि इथल्या कुणाबरोबर तरी बिलियर्ड खेळतो म्हणून त्याला ५,००० डॉलरचं घर? जॉर्जचं उत्तर भावनेने सुरू होत नाही. तो सांगतो, ते प्रकरण मी हाताळलंय, कागद तुमच्यासमोर आहेत: पगार, विमा, सगळं. आणि त्याच्या चारित्र्याची हमी मी देतो. आधी कागद, मग हमी. माणूस चांगला आहे म्हणून कागद सोडले नाहीत, आणि कागद पुरेसे नाहीत म्हणून माणूस सोडला नाही. त्यानंतरच तो विचारतो की कष्टकरी माणसाला ५,००० डॉलर साठवायला किती वर्षं लागतात, ठाऊक आहे का? या प्रश्नाचा परिणाम वर्षांनंतर दिसतो. पॉटरचा भाडेवसुली करणारा माणूसच त्याला सांगतो की जॉर्जच्या संस्थेने वसवलेल्या बेली पार्कमधली घरं बांधायला लागला त्याच्या दुप्पट मोलाची आहेत, आणि त्यातले बहुतेक घरमालक पूर्वी तुमचे भाडेकरू होते. व्यवहार म्हणूनही जॉर्जचा अंदाज बरोबर ठरला.

पॉटरलाही हिशेब येतो, हेच त्याचं भयंकर आहे. जॉर्जला नोकरी देऊ करताना तो त्याचं आयुष्य मांडून दाखवतो: आठवड्याला ४५ डॉलर, घरखर्च आणि आईचं बघून फार तर दहा शिल्लक. म्हणजे वर्षाला २,३४०. समोर ठेवतो वर्षाला २०,०००, तीन वर्षांचा करार. साडेआठपट. एकही आकडा खोटा नाही. जॉर्ज विरघळतो, बायकोला विचारायला एक दिवस मागतो, उठून हस्तांदोलन करतो, आणि हात हातात असतानाच थबकतो. नकार तिथेच देतो, दिवस न घेता. हा माणूस वर्षाला २०,००० कशाचे देतोय, तो प्रश्न हाताच्या स्पर्शाने विचारला जातो.

आता ते ८,००० डॉलर. चित्रपटातल्या या अपघाताकडे लोक दुर्दैव म्हणून बघतात. दुर्दैव थोडं, निष्काळजीपणा फार.

२४ डिसेंबर १९४५. नेमका आजच हिशेब तपासनीस संस्थेत आलाय. बिलीकाका ८,००० डॉलर रोख घेऊन एकटे बँकेत जातात. काका विसराळू आहेत हे साऱ्या गावाला माहीत. गोष्टी लक्षात राहाव्यात म्हणून ते बोटांना दोरे बांधतात. बँकेत ते स्लिप भरतात, तारीख घालतात. तेवढ्यात पॉटर दिसतो. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पुतण्याचा, वैमानिक हॅरीचा, पराक्रम पहिल्या पानावर आहे. काका पॉटरला खिजवतात, त्याचं वर्तमानपत्र घेऊन बातमी दाखवतात, आणि पैशांचं पाकीट त्या पेपराच्या घडीत घालून पेपर पॉटरच्या मांडीवर टाकतात. खिडकीपाशी गेल्यावर कारकून गमतीने म्हणतो, पैसे भरायचे तर सोबत आणायची पद्धत आहे.

रोख रक्कम हाताळणाऱ्या कुणालाही यातल्या चुका बोटांवर मोजता येतील. मोठी रक्कम एकट्याकडे. तोही विसराळू, आणि उपाय काय, तर दोरा. बरोबर दुसरं माणूस नाही. पाकीट आतल्या खिशाऐवजी हातात. आणि आधी भरणा, मग गप्पा, हा साधा क्रम उलटा. बिलीकाकांना नोकरीवर ठेवणं हा जॉर्जचा मोठेपणा, त्यात शंका नाही. जॉर्ज जन्मला नसता तर काका वेड्यांच्या इस्पितळात असते, हे चित्रपटच पुढे सांगतो. पण प्रेमाच्या माणसाला कामावर ठेवणं आणि त्याच्या हाती एकट्याने रोकड देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करायची तर दुसरी टाळायची सोय आपणच लावायला हवी होती. कीव करण्याच्या भरात जॉर्जने ही सोय कधीच लावली नाही, आणि वर्षानुवर्षं निभावलं म्हणून ती लागली नाही हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

पैसे सापडत नाहीत तेव्हा जॉर्ज काकांची गचांडी धरतो, आपल्या दोघांपैकी एक जण तुरुंगात जाणार आणि तो मी नसेन, असं तोंडावर म्हणतो. जॉर्जची भूमिका करणाऱ्या जेम्स स्टुअर्टचा तिथला चेहरा बघवत नाही. महायुद्धात बॉम्बफेकी विमानातून मोहिमांवर जाऊन परतलेल्या या नटाचा युद्धानंतरचा हा पहिला चित्रपट. आणि थोड्याच वेळात तोच जॉर्ज पॉटरसमोर उभा राहून म्हणतो, पैसे माझ्याकडून गहाळ झाले. घरात बोललेलं वेगळं, दारात बोललेलं वेगळं. माणूस कसा आहे हे दोन्ही मिळून ठरतं. पॉटरला अर्थातच ठाऊक आहे की हा खोटं बोलतोय. पाकीट त्याच्याच ताब्यात आहे.

जॉर्जकडे तारण काय? १५,००० डॉलरची आयुर्विमा पॉलिसी, आजच्या घडीला तिची किंमत ५००. पॉटर हसतो: तू जिवंत असण्यापेक्षा मेलेला जास्त मोलाचा आहेस. हे वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं, कारण पुलाची वाट त्यातूनच निघते. त्याला लागूनच तो आणखी एक गोष्ट बोलून जातो, ती सहसा कुणी उचलत नाही. ज्या फाटक्या लोकांवर तुझा एवढा जीव आहे त्यांच्याकडे का जात नाहीस? माग त्यांच्याकडे ८,०००. जातोस का? नाही जाणार, कारण ते तुला गावाबाहेर हाकलतील.

अख्ख्या चित्रपटाचं उत्तर हेच आहे, आणि ते खलनायकाच्या तोंडी, टोमणा म्हणून आलंय. जॉर्जला ते ऐकू येत नाही. एका कानाने बहिरा म्हणून नव्हे. आयुष्यभर देणाऱ्या बाजूला उभा राहिल्याने काउंटरच्या पलीकडे जाऊन उभं राहता येतं हेच तो विसरलाय. १९३२ च्या त्या दिवशी मिसेस डेव्हिसने जे केलं, म्हणजे मान खाली न घालता नेमका आकडा सांगितला, ते त्याला तेरा वर्षांनी जमत नाही.

तो घरी जातो. एक मुलगी पियानोवर नाताळचं तेच ते गाणं घोटतेय, मुलगा अवघड शब्दांची स्पेलिंगं विचारतोय, धाकटी झुझू सर्दीने अंथरुणावर आहे आणि हातातल्या फुलाच्या पाकळ्या गळाल्यात. जॉर्ज त्या पाकळ्या चिकटवल्याचं नाटक करून गपचूप खिशात टाकतो. मग खाली येऊन मुलीच्या शिक्षिकेला फोनवर नको ते बोलतो, कोपऱ्यातलं टेबल लाथेने उधळतो. त्याआधी जिना चढताना कठड्याच्या खांबावरचा लाकडी गोळा नेहमीप्रमाणे हातात येतो. तो फेकून मारावासा वाटतो त्याला. घरातलं मोडकं आणि न दुरुस्त झालेलं सगळं आपल्याच अपयशाची यादी आहे, असं वाटण्याचा तो क्षण. हा भाग मुलांना दाखवायला कचरू नये. वडील चिडतात तेव्हा कारण अनेकदा समोरच्या पोरात नसतं, हे समजायला दहा वर्षांचं वय पुरतं.

जॉर्ज बाहेर पडतो. मुलं विचारतात, बाबा अडचणीत आहेत का? मेरी लपवत नाही. त्यांना प्रार्थना करायला सांगते आणि फोन उचलते. स्वर्गात ऐकू गेलेल्या प्रार्थना आणि तारेतून गेलेला हा फोन, दोन्ही एकाच वेळी निघतात. चित्रपट देवदूताच्या मागे जातो म्हणून फोन दिसेनासा होतो, पण रात्रभर काम चाललंय ते फोनचंच. नंतर बिलीकाका धापा टाकत सांगतात: हे मेरीने केलं. तिने दोन-चार लोकांना सांगितलं आणि ते गावभर पांगले. कुणी काही विचारलं नाही. काय झालं, चूक कुणाची, परत कधी मिळतील, काहीच नाही.

आता पॉटर्सव्हिल. जॉर्ज नसलेलं ते गाव दिव्यांच्या जाहिरातींनी आणि दारूच्या गुत्त्यांनी भरलंय, ते ठीक. खरी गंमत पुराव्यांची आहे. देवदूत क्लॅरेन्स व्याख्यान देत नाही; जॉर्ज स्वतः चाचपून बघतो. बहिऱ्या कानाने ऐकू येतं. फुटलेल्या ओठातून रक्त येत नाही. खिशात पाकळ्या नाहीत. पुढेही प्रत्येक धक्क्यामागे एकच नेमकी न घडलेली गोष्ट आहे: डबी परत आली नाही, म्हणून गॉवर वीस वर्षं तुरुंगात, बर्फातून हॅरीला कुणी काढलं नाही, म्हणून त्याने पुढे वाचवलेली जहाजावरची माणसंही गेली. (हॅरीच्या थडग्यावर १९११ ते १९१९ कोरलंय आणि क्लॅरेन्स म्हणतो तो नऊ वर्षांचा होता. इतक्या हिशेबी चित्रपटात ही वजाबाकी चुकावी!) मेरीचं मात्र बिनसलंय. तिच्या वाट्याला आलेलं दुःख काय, तर चष्मा आणि ग्रंथालयातली नोकरी. जॉर्जवाचून जगाचं काय अडलं हे दाखवताना पटकथाकारांना अविवाहित ग्रंथपाल ही तुरुंग आणि थडग्याच्या रांगेतली आपत्ती वाटली, यावर आज हसावंच लागतं.

हा पॉटर्सव्हिलचा भाग कापलेली एक आवृत्तीही फिरते. ती टाळावी. त्यात मरायला निघालेला माणूस काही कारण नसताना एकदम बर्फातून आनंदाने धावत सुटतो.

बर्फावरून आठवलं. चित्रीकरण झालं १९४६ च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियात. तोवर पडद्यावरचा बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स असायचे. पायाखाली इतके कुरकुरायचे की संवाद नंतर पुन्हा रेकॉर्ड करावे लागत. दिग्दर्शक फ्रँक काप्राला संवाद जागेवरच हवे होते, म्हणून आग विझवायचा फेस, साबण आणि पाणी यांचं मिश्रण पंख्यांपुढे फवारून आवाज न करणारा बर्फ तयार केला गेला. ऑस्करच्या पाच नामांकनांतून चित्रपटाला काही मिळालं नाही. पुरस्कार मिळाला तो या बर्फाला, तांत्रिक कामगिरीचा. तिकीट खिडकीवरही तो खर्चाच्या मानाने कमीच पडला. पुढे १९७४ मध्ये, २८ वर्षं पूर्ण झाल्यावर, स्वामित्वहक्काच्या नूतनीकरणाचा अर्ज करायचा राहून गेला. कुणाच्या तरी टेबलावर बिलीकाका बसले असावेत. त्यामुळे दूरचित्रवाणी केंद्रांना तो फुकट दाखवता यायला लागला, दर नाताळात पुन्हा पुन्हा लागत राहिला, आणि तेव्हा कुठे घराघरांत पोचला.

शेवटच्या प्रसंगात पैसे कोण कसे आणतं ते बघत राहावं. मार्टिनीने गुत्त्यातलं गाण्यांचं यंत्र फोडून नाणी आणली आहेत. घरकाम करणारी अ‍ॅनी म्हणते, नवरा मिळालाच तर घटस्फोटाला लागतील म्हणून साठवले होते. गाव सोडून निघालेली व्हायोलेट जॉर्जने दिलेले पैसे परत टाकते. हिशेब तपासनीसही स्वतःची भर घालतो आणि अटकेचा कागद फाडला जातो. सॅमची तार वाचली जाते ती टेबलावर ढीग झाल्यानंतर. म्हणजे २५,००० येणार आहेत हे ठाऊक नसताना लोकांनी आपली चिल्लर ओतली. क्रम उलटा असता तर प्रसंगाची सगळी हवा गेली असती.

आणि पॉटर? त्याला काहीच होत नाही. ८,००० त्याच्याकडेच राहतात, कुणाला कधी कळतही नाही. गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा दंडक हॉलिवूडमध्ये होता त्या काळात हे सुटलं कसं, याचं नवल वाटतं. मुलं हमखास विचारतात, त्या दुष्ट म्हाताऱ्याला पकडत का नाहीत? त्यांना घाईने काही उत्तर देऊ नये. त्याला पकडायच्या मागे लागले असते तर त्या रात्री सगळे बँकेच्या दाराशी जमले असते, जॉर्जच्या दिवाणखान्यात कुणी आलंच नसतं, एवढं मात्र सांगता येईल.

लोक यायच्या थोडं आधी जॉर्ज मुलांना भेटायला जिन्याकडे धावतो. कठड्यावर हात टाकतो आणि तो लाकडी गोळा पुन्हा निखळून त्याच्या हातात येतो. या वेळी तो त्याचा मुका घेतो, खांबावर परत ठेवतो आणि वर पळतो. गोळा अजून सैलच आहे.